मंगळवार की गुरुवार

राउलान,
रविवार, १० फेब्रुवारी १९७४

प्रिय सिग्ने,

इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत. बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलंय, गोठ्याचं दार रोज सकाळी फावड्यानं मोकळं करावं लागतं. तांबडी गाय परवा व्याली, कालवड झाली. आईनं तिला अजून नाव दिलेलं नाही, म्हणते आधी जगू दे.

तू म्हणशील, गुनलाइकला आज पत्र लिहायची बुद्धी कशी झाली. जन्मात मी तुला तीन पत्रं लिहिली असतील, त्यातली दोन नाताळची कार्डं. खरं तर फोनच करणार होतो. केलाही, गेल्या शनिवारी, घरच्या फोनवर आई ऐकेल म्हणून दुकानातून. तू "हॅलो" म्हणालीस आणि मी विचारलं, कोंग्सबर्गला बर्फ किती आहे. तू म्हणालीस, "आहे." क्नूट आणि दुकानदारीण काउंटरवर कोपरं टेकून, कान टवकारून उभे. मी फोन ठेवून दिला आणि नको असलेलं कॉफीचं पाकीट विकत घेऊन घरी आलो.

बेर्गितचं पत्र आलं होतं, म्हणून फोन केला होता. तुला न सांगता लिहिलंय तिनं, तिच्यावर रागावू नकोस. तिनं काय लिहिलंय ते इथे उतरवून देतो, म्हणजे मला तुझ्या घरातलं कसं कळलं असं तुला वाटायला नको.

"मामा, अठरा तारखेला, सोमवारी, आई कचेरीत जाऊन कागदावर सही करणार आहे. मग मी द्रामेनला आजी-आजोबांकडे राहायचं, कायमचं. आई म्हणते, मी तिच्या हातात सुरक्षित नाही. ती रोज सकाळी मला विचारते, आज वार कोणता. मी सांगते. मग ती कॅलेंडर बघते. मग खाली जाऊन शेजारच्या काकूंनाही विचारते. मामा, मी वार कधीच चुकीचा सांगत नाही. तू आईला सांग ना."

नऊ वर्षांची पोर गं. मी ते पत्र गोठ्यात बसून वाचलं, घरात वाचवेना.

सिग्ने, ती सही करू नकोस. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे लिहायचंय तिथपर्यंत माझा हात पोचेल की नाही याची मला खात्री नाही. सही करू नकोस. द्रामेनच्या सासूबाई कितीही चांगल्या असल्या तरी.

आता काय सांगू. आयविनबद्दल दुकानात जे बोलतात ते तुझ्याही कानावर आलंच असेल. शहरातला माणूस, त्याला नदीची काय अक्कल, बायकोनं पूल काढायचा वार चुकीचा सांगितला आणि हा सरळ पाण्यात उतरला. मी तिथे उभा असतो आणि ऐकून घेतो. एकदाही तोंड उघडलं नाही मी. तो जिवंत होता तेव्हा मीच त्याला चिडवायचो, "काय हो पाहुणे, चीज कापताय की कागद?" तो हसायचा आणि सगळ्यात जाड काप माझ्या पावावर ठेवायचा. दरवेळी सगळ्यांसाठी पाठीवरून संत्री वाहून आणायचा, एक आईसाठी वेगळं. चांगला माणूस होता. माझ्यापेक्षा चांगला होता.

पुलाचं तुला माहीत आहेच. दोन ओंडके, वर फळ्या, धरायला एक तार. सप्टेंबर सरत आला की आम्ही श्रमदानात फळ्या काढून काठावर रचतो, नाही तर बर्फ वितळल्यावर पाणी सगळं घेऊन जातं. बारा वर्षं ते काम माझ्याकडे आहे. डोंगर-मंडळाचा नियम असा की आधी पलीकडच्या मुक्कामघरावर पाटी लावायची, पूल काढला म्हणून. जाऊन-येऊन दहा तासांची वाट. मग दुसऱ्या दिवशी पूल काढायचा. दोन दिवसांचं काम.

तू तेवीस सप्टेंबरला, रविवारी फोन केलास. बेर्गितच्या शाळेला बटाटे काढणीची सुट्टी लागली होती. तू म्हणालीस, "उद्या सकाळी निघतोय. पठार ओलांडून तुमच्याकडे उतरणार. बुधवारी दुपारी नदीवर पोचू. पूल असेल ना रे?"

फोनमध्ये खरखर होती. पण शब्द ऐकू येणार नाही इतकी नव्हती.

मी काय म्हणालो, ते तुला आठवतं. मलाही आठवतं. तू परत विचारलंस, "नक्की ना? तुझा काही भरवसा नाही." मी म्हणालो, "लिहून घे हवं तर." तू हसलीस. म्हणालीस, "लिहून कशाला घेऊ? भाऊ आहेस माझा."

आई आत्ता विचारून गेली, किती वेळ लिहितोयस. मी म्हणालो, होतंच आलंय. झालेलं काहीच नाही.

सोमवारी संध्याकाळी क्नूट आला. म्हणाला, "घोडा हवा असेल तर उद्याच ने. बुधवारपासून माझे बटाटे आहेत, मग पंधरा दिवस विसर." घोड्याशिवाय त्या फळ्या हलत नाहीत. पंधरा दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? काही नाही. थोडी थंडी वाढली असती, माझे हात गारठले असते. मी "बरं" म्हणालो. तुम्ही तोवर निघाला होतात, तुम्हाला कळवणार कुठे? पण पाटी होती ना. पाटी लावली असती तर बुधवारी सकाळी निघतानाच तुम्हाला कळलं असतं आणि तुम्ही तळ्याच्या बाजूनं वळसा घातला असता. एक दिवस जास्त, बस. तुम्ही कुरकुरत आला असतात आणि आयविननं मला संत्र्याची साल फेकून मारली असती.

मी मंगळवारी गेलो. पाऊस होता. पाटी माझ्या पिशवीत होती, माझ्याच हातानं रंगवलेली. पूल ओलांडून पलीकडे गेलो, वाटेकडे पाहिलं, पाच तास जायचं आणि पाच तास यायचं. मी स्वतःला सांगितलं, असल्या हवेत पोरीला घेऊन ते निघणारच नाहीत, मुक्कामघरातच बसतील. खरं सांगू? तसं काहीही वाटलं नव्हतं. मला घरी जायचं होतं, एवढंच. मी मागे फिरलो, एकेक फळी काढत अलीकडे आलो आणि पाटी तशीच पिशवीतून घरी आणली.

बुधवारी काय झालं ते तू मला सांगायची गरज नाही, आणि ते तुला लिहायची तर माझी लायकीच नाही. शुक्रवारचं मात्र लिहितो, कारण त्या दिवशी जे झालं ते मी केलं.

तुम्ही दोघी आदल्या दिवशी पलीकडच्या मुक्कामघरात शिकाऱ्यांना सापडल्या होतात. बेर्गित माडीवर झोपली होती. तू आपल्या स्वयंपाकघरात चुलीजवळ, घोंगडी पांघरून. आयविन अजून मिळाला नव्हता. फौजदार वही काढून बसला. म्हणाला, "पूल कधी काढलास?"

"मंगळवारी."

"पलीकडे पाटी?"

"लावली होती. वाऱ्यानं गेली असेल."

"आणि बहिणीला काय वार सांगितलास?"

तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. तुला काही शंका नव्हती गं. तुला वाटत होतं, आता गुनलाइक सांगेल आणि सगळं स्पष्ट होईल. आणि मी म्हणालो, "मंगळवारच सांगितला."

फौजदार म्हणाला, "तीर्सदाग काय आणि तोर्सदाग काय! फोनवर मंगळवारचा गुरुवार व्हायला कितीसा वेळ लागतो? आमच्याकडेही होतं असं." चांगल्या मनानं म्हणाला तो. तू घोंगडी गळ्याशी ओढून घेतलीस. मग अगदी हळू म्हणालीस, "मग मीच चुकीचं ऐकलं असणार." आई म्हणाली, "लहानपणापासून धांदरटच आहेस तू." आणि मी उठून कॉफी ओतली. सगळ्यांना ओतली. तुझ्या कपात साखर घातली.

ती पाटी त्याच सकाळी मी चुलीत घातली होती. तू त्याच चुलीपाशी शेकत होतीस.

सिग्ने, तू बरोबर ऐकलंस. मी गुरुवार म्हणालो होतो. तोर्सदाग. अगदी स्पष्ट म्हणालो होतो. तुझे कान ठीक आहेत, तुझं डोकं ठीक आहे, तू आयविनला जे सांगितलंस ते खरं होतं. आणि तोही मूर्ख नव्हता. मागे पाच तास गारांचा पाऊस, पुढे अर्ध्या तासावर अलीकडचं मुक्कामघर आणि बरोबर भिजलेलं पोर. पोरीला काठावर ठेवून तो आधी एकटा उतरून बघत होता. मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि मी तर इथलाच आहे.

साडेचार महिने मी रोज ठरवतो की आज सांगू. नाताळात तू आली नाहीस तेव्हा मला, देवा रे, बरं वाटलं. तुझं तोंड बघायला नको म्हणून बरं वाटलं! असला भाऊ आहे तुझा. आणि तिकडे तू शेजारणीला वार विचारत फिरतेस. मला हे सहन होत नाही. मला सहन होत नाही हे महत्त्वाचं नाही, हेही मला कळतं, पण लिहितोय तर लिहितो.

तुझ्या हातांचं म्हणशील तर ऐक. शिकाऱ्यांनी मला सांगितलं होतं. डोळ्यांदेखत नवरा गेला आणि तू पोरीला घेऊन पाच तास मागे चाललीस. निम्मी वाट पाठीवर घेतलीस. तुझे कोरडे मोजे तिच्या पायांत होते आणि तुझ्या पायांत मोजेच नव्हते. ओल्या लाकडांवर चूल पेटवलीस. ते आले तेव्हा पोरगी झोपेत होती, आणि गरम होती. त्यांच्यातला म्हातारा मला म्हणाला, "आमच्यातल्या कुणाला जमलं नसतं." हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. त्याच हातांत पोर सुरक्षित नाही असं तू कागदावर लिहून देणार?

आज सकाळी आईला सांगितलं. बटाटे सोलत होती. सगळं ऐकलं, सुरी खाली ठेवली. मला वाटलं, काहीतरी फेकून मारेल. म्हणाली, "मी तिला धांदरट म्हणाले." दोनदा म्हणाली. मग विचारलं, "फौजदाराला लिहिलंस?" मी म्हणालो, नाही. "मग अजून अर्धंच सांगितलंयस. टपालाची बस उद्या साडेसातला आहे."

दुपारी फौजदाराला लिहिलं, पाटीसकट सगळं. ते पाकीट बंद करून मगच तुझं घेतलं. माझं काय व्हायचं ते होईल. मी स्वतः यायला हवं होतं, पण दारात तू दिसलीस की मी परत बर्फाचं विचारीन, मला मी माहीत आहे.

माफी मागत नाही. ती द्यायची की नाही, हे आणखी एक ओझं तुझ्यावर टाकायचं नाही. फक्त बेर्गितला सांग की तुझ्या आईनं बरोबर ऐकलं होतं. आजच सांग, हे पत्र हातात असतानाच.

कचेरीत दाखवायला खाली वेगळं लिहून देतो. वरचं कुणाला वाचायला द्यायचं नसेल तर तेवढंच फाडून दे.

मी, गुनलाइक हाउगान, राहणार राउलान, असं लिहून देतो की नदीवरचा पूल मी मंगळवारी काढला. पाटी लावली नाही. बहीण सिग्ने हिला मी गुरुवार सांगितला होता. ती चुकली नाही.

सही,
गुनलाइक