अठरा मीटरच्या खाली

३ नोव्हेंबर

तिसऱ्या बोअरला अठरा मीटरपर्यंत नुसती लाल माती. मग खडखडाट— आणि वर आलं काळंभोर, हाताला जड लोहखनिज! बोअरवाले काका नाचायचेच बाकी होते. "मॅडम, एवढं लोखंड पोटात घेऊन हे बेट बुडालं कसं नाही!"

मी हसले, मग जुना अहवाल काढला. एकतीस वर्षांपूर्वी सरकारी सर्वेक्षणात बाबांनी इथंच बोअर मारला होता. अहवालात लिहिलंय— अठरा मीटर, खनिज नाही. खाली त्यांची सही.

४ नोव्हेंबर

फोन केला नाही. धीरच होईना.

५ नोव्हेंबर

केला. "बाबा, अठरावरच का थांबलात?"

"पाइप तुटला होता." आणि लगेच, जेवतेस ना वेळेवर?

कुठंतरी पाणी मुरतंय.

७ नोव्हेंबर

खरंच मुरतंय! घरमालकीणबाईंच्या विहिरीची पातळी मोजली. समुद्र दोनशे पावलांवर, तरी पाणी गोड. बाई म्हणाल्या, "अख्खं बेट यावर जगतं. बाकी सगळ्या विहिरी मचूळ."

खनिज चाळणीसारखं सच्छिद्र आहे. पावसाचं पाणी त्यातच साठतं, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. खनिज उपसलं की समुद्र आत.

८ नोव्हेंबर

"पाइप तुटला नव्हता ना?"

"नव्हता. एकतीस मीटरपर्यंत गेलो होतो."

"म्हणजे खोटं लिहिलंत!"

"आधी पाण्याचं सांगून पाहिलं गं. साहेब म्हणाले, पाणी बाहेरून आणू. मग म्हटलं, खनिजच नाही."

आणि मला जन्मभर शिकवलं— दगड खोटं बोलत नाही, आपणही बोलायचं नाही! फोन ठेवून दिला.

१० नोव्हेंबर

अहवाल लिहिला. खनिज आहे, भरपूर आहे. बेटाचं पाणीही त्यातच आहे, म्हणून खणू नये. जुना अहवाल 'चुकीचा'. 'खोटा' लिहवेना. बाबांना फोनवर वाचून दाखवला. "ठीक आहे," एवढंच.

काका म्हणाले, "एका आठवड्याच्या मोजणीवर कोण ऐकणार, मॅडम?" बरोबरच आहे त्यांचं.

१३ नोव्हेंबर

सकाळच्या बोटीनं बाबा आले. न कळवता. पिशवीतून जुनी वही काढली— त्या बोअरच्या सगळ्या नोंदी, गोड्या पाण्यासकट. "जोड अहवालाला."

मग पेन मागितलं. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: मी तेव्हा खोटं लिहिलं. खाली सही. तारीख आजची.