मी तपासलेली खोपटी

२ मे, शुक्रवार

पोचले एकदाची रुआलखुआला. जीपमधून उतरले तेव्हा केसांपासून नखांपर्यंत धूळ. खोली दिलीय थांगझुआलीबाईंनी, मानानं पी म्हणतात त्यांना सगळे. नवरा वारलाय, मूलबाळ नाही, जीभ मात्र तल्लख. माझ्याकडे वरखाली बघून म्हणाल्या, सरकारनं डुकरं राखायला ही काडी पाठवलीय होय, आधी हिलाच चारलं पाहिजे. बाई आवडल्या मला.

काम सोपं आहे. डुकरांचा रोग सीमेवरच्या गावांत आहे, तो इथे येऊ द्यायचा नाही. रोज डुकरांची खोपटी तपासायची, ताप बघायचा, कानातून रक्त घ्यायचं, लिहायचं. बूट औषधात बुडवते, हातमोजे जाळते. माझ्याइतकं काटेकोर पशुवैद्यक खात्यात कुणी नाही, हे मीच सांगते. ही वही तेवढी सीमेवरच्या कामातलीच. अर्धी कोरी होती, टाकवेना.

पहिलं खोपटं पींचंच तपासलं. गाभण डुकरीण आहे, ऐटबाज. पलीकडच्या डोंगरावर आमचं गाव दिसतं. आईची डुकरीण आणि नऊ पिल्लं तिथेच. डिसेंबरात धाकटीचं लग्न, त्यांच्यावरच गाव जेवणार. म्हणजे रुआलखुआ राखणं हे घर राखणंच झालं.

६ मे, मंगळवार

वीस घरं झाली, वीस वेळा चहा झाला. आज एक म्हातारा गेला. गावातल्या पोरांना निरोप धाडावा लागला नाही, फावडी घेऊन हजर, दुपारच्या आत खड्डा तयार. या गावात कुणालाही आपलं माणूस एकट्यानं पुरू देत नाहीत.

१० मे, शनिवार

पींची डुकरीण काल मेली. कान जांभळे, नाकातून रक्त. रोगच. आमची तुकडी आली आणि रोग पसरू नये म्हणून भोवतालच्या घरांतली तेवीस मारली.

काय खायला घातलं होतं, असं मी खोदून विचारलं. बाजारातलं डुकराचं मांस आणलं होतं, त्याचं धुवण टाकलं, असं पींनी खरं ते सांगितलं. मी कारण म्हणून तेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

इतरांच्या खड्ड्यांना पोरं आली. पींच्या खड्ड्याला एकही नाही. आम्ही दोघींनीच खणला. तू बरी खणतेस, एवढंच म्हणाल्या.

१५ मे, गुरुवार

वरच्या आळीत पाच मेली. तिथे पी पाऊलही टाकत नाहीत. मग कसं?

१८ मे, रविवार

चर्चमध्ये पींच्या बाकावर त्या एकट्या. मी तरी बसायला हवं होतं. बसले नाही, लाज वाटते.

दुपारी घरी जाऊन आले. आंघोळ केली, कपडे, बूट, सगळं बदलून. आईनं हौसेनं नऊ पिल्लांची वजनं लिहायला लावली. खोपटाच्या दांडीवर वही ठेवून लिहिली.

२१ मे, बुधवार

नकाशावर खुणा केल्या. ज्या क्रमानं मी तपासली त्याच क्रमानं मरताहेत. एकही घर चुकत नाही. मी गेले की सहा-सात दिवस, मग तिथे.

वाटेत बायका पोरांना आत ओढतात. एक म्हातारी ऐकू येईल अशी म्हणाली, काय पायगुण आहे पोरीचा. मघाशी एका दाराशी उभी राहिले तर आतून कडी लावली. आत डुक्कर धापा टाकत होतं. मी गेल्या गुरुवारीच गेले होते तिथे.

माझ्या मागून काहीतरी चालत येतंय. बुटांना नाही, हातांना नाही. मग कशाला चिकटून —

२३ मे

वही.

सीमेवरचं रक्त पानांवर वाळलंय, काळे ठिपके. प्रत्येक खोपटात दांडीवर ठेवायचे. डुकरं कोपरा चाटायची, मी हसायचे. कोपरा चघळून चोथा झालाय.

आईची पिल्लंही चाटत —

२५ मे, घरी

डुकरीण काल सकाळपासून खात नाही. एकशे सहा ताप. दोन पिल्लं उठत नाहीत.

चुलीपाशी बसून लिहितेय. आईला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, घाल चुलीत ती वही आणि तोंड मिट. लोकांना कळलं तर धाकटीला कोण करून घेईल, आपल्या दाराशी फावडं घेऊन कोण येईल. त्या पीला तसंही कोण आहे, तिला सोसवेल.

वही जाळायची तर आहेच. तिच्यावर रोग आहे. पण जळली की खरं काय ते कुठेच उरत नाही. आधी एक पान लिहून, फाडून, उकळत्या औषधात — नाही, कागद टिकणार नाही. फोननं फोटो काढून खात्याला धाडते —

आई उठली. हात पुढे करतेय.

खात्यासाठी लिहिते. पी थांगझुआलींचा दोष नाही. त्यांच्या खोपटात रोग नेला तो म