लुकलुकणारा आकडा

गुरुवार संध्याकाळ, बेंबळी

काल दूध संकलन केंद्रावरून शेवंतामावशींनी किटली माघारी नेली. म्हणाल्या, "आकडा लुकलुक करतोय. काट्यात कायतरी गडबड हाय." काटा बरोबर होता, लुकलुक मी त्याला बसवलेल्या स्क्रीनची. लॅपटॉपवर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्राम, दर वेळी अख्खी स्क्रीन नव्यानं काढतो, तिथं ते खपतं. तीच सेटिंग मी काट्यातल्या इवल्याशा, हळू चालणाऱ्या सर्किट बोर्डावर टाकली आणि तीन दिवस हट्टानं तशीच ठेवली. कशासाठी?

आज माझी नवी सहकारी, सास्तूरची जयश्री, म्हणाली, "सर, आई काय रोज सगळं अंगण सारवत न्हाय. पोपडा निघाला तिथंच हात फिरवती." मग तिनं बोर्डासाठी ड्रायव्हर वेगळा बसवला. जेवढं बदललं तेवढंच पुन्हा काढायचं. आकडा बदलला तर फक्त आकडा. लुकलुक बंद. अनुभव माझा, सुचलं तिला. झोंबलं जरा. पण काय डोकं आहे पोरीचं.

संध्याकाळी मावशी आल्या. किटली ठेवली, आकड्याकडं एकदाच पाहिलं, आणि वळून शेजारणीला म्हशीचं सांगत बसल्या.

जयश्री हळूच म्हणाली, "सर, आता आकड्याकडं बघंनात त्या."