चौथी खुंटी

३ तारीख, सोमवार
देवाच्या कृपेने नवं घर मिळालं. ह्यांनी कचेरीतून गेल्या सालची रोजनिशी आणली. साल खोडलं, झाली नवी. घरात दोन बिऱ्हाडं, पण दार एकच. इकडे आम्ही दोघं, पलीकडे शेजारच्या आजी, एकट्याच. दाराशी लाकडी पाटी, तिला चार भोकं, चार खुंट्या. बाहेर जाताना आपली खुंटी काढून खाली टांगायची, आल्यावर बसवायची. चारही बसल्या की तार ओढली जाऊन दोन्ही स्वयंपाकघरांत घंटा वाजते. मग कडी लावायची. सारखं उठून बघायला नको. आजी तर म्हणतात, बघत बसलं की येणारा येत नाही. चौथी खुंटी त्यांच्या मुलाची.

६ तारीख
मुलगा बारा वर्षांपूर्वी बाहेर पडला तो पडलाच. तेव्हापासून घंटा नाही, म्हणून कडीही नाही. दार नुसतं लोटलेलं. चोर आले तर, असं ह्यांना विचारलं. हे म्हणाले, आपल्याकडे बघून तेच काहीतरी ठेवून जातील.

७ तारीख
संध्याकाळी हे आले, आणि एकदाची कडी लावता यावी म्हणून चौथी खुंटी मीच बसवली. घंटा वाजली. कडी लावते तोच आजी भिंत धरत धावत आल्या. "आला ना गं माझा?"
मान खाली घालून हो म्हटलं. देवा, क्षमा कर.

८ तारीख
खरं सांगायला सकाळी गेले. आजींकडे दोन ताटं, दोन्ही उष्टी. म्हणाल्या, आत्ताच कामावर गेला. पाटीपाशी आले तर चौथी खुंटी काढून टांगलेली. मी काढली नव्हती. ह्यांनीही नाही.

१० तारीख
दुपारभर पाटीसमोर बसले. काही हललं नाही. दूध उतू गेलं म्हणून उठले, परत येते तो चौथी खुंटी बसलेली. हात लावला. कोमट, कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखी.
पलीकडे पुरुषी खोकला. रात्री ह्यांना सांगितलं, तर हसण्यावारी नेलं.

११ तारीख
ह्यांचा निरोप, उशीर होईल.
पाचलाच घंटा. चारही बसलेल्या. वाटलं, लवकर सुटले — सवयीने कडी लावली. बाहेरच्या खोलीत ह्यांची खुर्ची करकरली.
भिंतीपलीकडून आजी: "तुझाही आला गं. आता बघू नकोस."

दार वाजतंय. हेच हाका मारतायत, कडी का लावलीस म्हणून.
खुर्चीतूनही ह्यांचाच आवाज — उघडू नकोस म्हणतोय.
मान वर करायची नाही म्हणून लिहितेय. कडी चार पावलांवर. देवाचं नाव घेऊन उठ—
खुर्ची पुन्हा करकरली, रिकामी झाली. वहीवरून सावली सरकली. माझ्या आधी कडीला हात