कोषांची राखण

३ मार्च
पोचले एकदाची! ताईने बॅगेत इतकं कोंबलंय की वाटावं, मी नोकरीला नाही, वनवासाला निघालेय. खोली छान आहे. दोन खिडक्या, लोखंडी खाट, लिहायला टेबल, आणि जिना उतरलं की थेट कामाची जागा.

इथे माश्या वाढवतात. मुंगीएवढ्या, काळ्या, बारीक कंबरेच्या. त्या शेतात सोडल्या की कोबीवरच्या अळ्यांचा निकाल लावतात, फवारणीची गरज उरत नाही. अळ्यांना पाला घालायचा, डबे झाडायचे, तापमान लिहायचं, एवढंच माझं काम. फोनवर ताई म्हणाली, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी तू, आता अळ्यांची आया झालीस होय! आईबाबा गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे टोमणे मारायचा हक्कही तिचाच.

६ मार्च
इथल्या प्रमुख म्हणजे डॉक्टरबाई. पन्नाशीच्या, आवाज इतका मऊ की रागावल्या तरी लाड करतायत असं वाटेल. आज त्यांनी भिंगाखाली सगळं दाखवलं. माशी अळीच्या पाठीवर बसते आणि सुई टोचावी तशी अंडी आत सोडते. सोबत एक विषाणूही सोडते. अळीच्या अंगात परक्याशी लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांना तो गप्प करतो. मग पिल्लं तिला आतून खातात, पण जगायला लागेल तेवढं सोडून. अळी मात्र मजेत पाला खात असते, चांगली गुबगुबीत दिसते!

पुढचं तर त्याहून भयंकर. पिल्लं कातडी फोडून बाहेर येतात, तिच्याशेजारीच कोष विणतात, आणि ती अर्धमेली अळी पळून जात नाही. स्वतःचं रेशीम कोषांवर पांघरते. कोणी जवळ आलं की डोकं झटकून हाकलते. उपाशी मरेपर्यंत. बाई म्हणाल्या, तिला ती आपलीच वाटतात गं.

संध्याकाळी जेवण गेलं नाही.

११ मार्च
आज चार नंबरच्या खोलीची किल्ली मिळाली. इथल्या माश्या बोटाच्या पेराएवढ्या आहेत. बाईंनी वीस वर्षं निवडून निवडून वाढवल्यात. मी विचारलं, एवढ्या मोठ्यांना अळी कशी पुरते? बाई हसल्या.

पाणी ठेवताना एक माशी दंडावर बसली. टोचल्यासारखं झालं, दुखलं मात्र नाही. बाई धावत आल्या. मला वाटलं औषध लावतील. त्या माझा हात मांडीवर घेऊन घड्याळ बघत बसल्या. अर्धा तास! दंड सुजला नाही, तेव्हा पाठ थोपटून म्हणाल्या, शहाणी आहेस.

१४ मार्च
भूक आवरत नाही. सकाळी सहा अंडी खाल्ली, वर अर्धा पाव.

झाडू-पोछा करणाऱ्या मावशींनी आज जिन्यात गाठलं. माझ्याआधी इथे एक मुलगी होती. तिलाही तसंच टोचलं, हात खांद्यापर्यंत सुजला, चार दिवसांत गेली. बॅग भर आणि नीघ, म्हणाल्या.

मी तडक बाईंकडे गेले. वाटलं, नाकारतील. त्या चहा ढवळत म्हणाल्या, "तिचं शरीर भांडखोर होतं, वाया गेली. तुझं समजूतदार आहे."

१५ मार्च
बॅग भरली. बसथांब्यापर्यंत गेले. बस आली, दारही उघडलं. माझा पाय उचलेना. कंडक्टर ओरडला, बस गेली.

परत आले. का आले? बाईंनी फाटक उघडंच ठेवलं होतं.

१९ मार्च
वजन चार किलोंनी वाढलंय. गाल वर आलेत. ताईला सांगितलं तर खूश झाली. खरं सांगणार होते — तोंडातून निघालं, इथलं जेवण छान असतं.

दंडाखाली काहीतरी सरकतं. पोटातही. मोजायचा प्रयत्न केला, सोळा. बाई म्हणाल्या, एकोणीस.

मावशी दोन दिवस आल्या नाहीत. बाई म्हणाल्या, त्यांची आता गरज नाही.

२३ मार्च
आज पिल्लं बाहेर आली. दुपारी, खिडकीत ऊन असताना. बाई शेजारी वही घेऊन बसलेल्या. दुखणं थांबवायचं औषध मागितलं तर नाही म्हणाल्या — पिल्लांना सोसत नाही.

पण दुखलंच नाही. कुठेच नाही. मी रडत होते, ते कशासाठी —

एकोणीस. सगळी धडधाकट.

२४ मार्च
कोष पांढरेशुभ्र. मांडीवर, पोटावर. चादर पांघरते त्यांच्यावर. उठवत नाही. उठायचंही नाही.

फोन वाजतोय. ताई असेल. वाजू दे.

२६ मार्च
ताई आली. आठवडाभर फोन नाही म्हणून धावत आली. चादर ओढली आणि किंचाळली. मग माझं तोंड कुरवाळलं, म्हणाली, "बाळा, मी आहे ना, चल, दवाखान्यात जाऊ." आणि एक कोष उपटला.

पाण्याचा तांब्या हाताशी होता. किती वेळा मारला, आठवत नाही.

बाई दारात उभ्या. वही मिटली. म्हणाल्या, एवढं तर मलाही अपेक्षित नव्हतं.

अठरा राहिले. अठराच —

२७ मार्च
ताई खाली पडलीय. श्वास चालू आहे. बाईंनी चार नंबरमधली एक माशी बरणीत आणून ठेवली, झाकण मात्र लावूनच. म्हणाल्या, तूच ठरव. जबरदस्ती नाही.

माझ्यात आता फारसं काही उरलं नाही. उद्यापुरतं असेल. मग यांच्याकडे कोण बघणार?

ताई भांडखोर आहे. पण तोंडानेच — मला ती कधीच नाही म्हणाली नाही.

डोळे उघडलेत तिने. मला शोधतेय. पाणी मागतेय. मी डाव्या हाताने लिहितेय, उजव्याने तिची बाही वर —

झाकण घट्ट बसलंय. दातांनी —

ताई म्हणतेय, घाबरू नकोस, मी तुझ्यावर रागावले नाही —