पलंगामागची पांढरी डबी

मंगळवार, सिहोरा

आजही तेच झालं. मुलीशी, सुमनशी, व्हिडिओवर बोलायला खोलीत बसले आणि तिचं चित्र मधेच थिजलं. ओसरीवर वायफाय नीट चालतो, मग माझ्याच खोलीत काय होतं? सून कविताच काहीतरी करत असणार. तिला आमचं बोलणं खुपतं.

मोबाइल हातात धरून खोलीभर फिरले. पलंगाजवळ गेलं की रेंज जाते. पलंगामागे हात घातला, तर लुकलुकणारी पांढरी डबी! वायर उपटली आणि सुमनचा आवाज लगेच स्वच्छ आला.

डबी घेऊन तडक कवितासमोर उभी राहिले. "हे काय होय? काहून लपवलं माह्या खोलीत?"

ती दचकली. "लेकराचं रडणं आयकाले पाळण्याजवळ ठेवतेत ते यंत्र होय, आई. इकडचा आवाज माह्या उशाशी आयकू येते. झोपेत तुमचा श्वास अटकते ना. सांगतलं असतं तर तुमी ठेवू देल्लं असतं का?"

नसतंच दिलं. डबी मीच परत लावली.

आता लिहिताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. ती डबी संध्याकाळी, मी सुमनशी बोलते तेव्हाही चालूच असते. म्हणजे सुमनजवळ मी कविताबद्दल रोज जे जे ओकते, ते सगळं तिने ऐकलं? की त्यासाठीच ठेवली डबी? पण तसं असतं तर माझ्या श्वासासाठी रात्री कशाला जागली असती? सगळं ऐकूनही जागली.