कै. पुतळाबाईंचा आजार रत्नागिरीहून तळवलीस परत आणण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य पाहणी अधिकारी,
जठर-कर्करोग प्रादेशिक पाहणी कार्यालय,
वाशी, नवी मुंबई.

विषय : कै. पुतळाबाई शिवराम मढवी यांच्या नोंदीतील 'मूळ प्रदेश' दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे 'मूळ गावाचा दाखला सादर करावा' हे पत्र.

महोदय,

१. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या तळवली गावचा शिवराम पोशा मढवी, कारखान्यात फिटर, आपणांस कळवितो की, अर्जदाराची पत्नी पुतळाबाई हिला गतवर्षी जेवण जाईनासे झाले. इस्पितळात नळी घालून तिच्या जठराचा तुकडा काढला व तपासणीसाठी आपल्याकडे पाठविला. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, हा रोग सगळ्या मुलखांत एकाच जातीचा नसतो. कुठे तो जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ धरून बसतो, कुठे गाठ न दाखवता भिंतीत पसरत जातो. म्हणून आपण प्रदेशवार तुकडे तपासता. जठर किती कापायचे, कापायचे की नाही, हे आपल्या अहवालावर ठरणार होते. अर्जदारास हे पटले व आपल्याविषयी आदर वाटला. त्यातला थोडा अजून शिल्लक आहे.

२. अहवाल आला नाही. चौकशी करता कळले की, 'मूळ प्रदेश' या रकान्यात 'तळवली' लिहिल्यामुळे तुकडा तपासणीला घेतलाच नव्हता. आपले लिपिक श्री. नंदकिशोर म्हणाले, "अहो काका, नवी मुंबईत मूळचं कोण असतं? सगळे बाहेरून आलेले. गावचा दाखला आणा, टेन्शन घेऊ नका." अर्जदाराने दाखला आणला. तो तळवलीचाच असल्याने परत मिळाला.

३. महोदय, जमिनी घेताना सरकारला अर्जदार बरोबर सापडला होता. भातखाचरे, मिठागराचा हिस्सा, दारचा आंबा, सगळे 'मूळ रहिवासी' म्हणून त्याच्याच नावे मोजून नेले. त्या जमिनीवर शहर उभे राहिले आणि त्या शहरात तो उपरा ठरला. अर्जदारास याची चीड येते, व ती लपविण्याचे कारण त्यास दिसत नाही.

४. दरम्यान पुतळाबाईस पेजही पचेना. श्री. नंदकिशोर यांना दया आली. त्यांनी आपल्याच हाताने रकान्यात 'रत्नागिरी' लिहिले व अर्जदाराची सही घेतली. घरी हे सांगताच पुतळाबाई म्हणाली, "मना परक्या मुलखाची कशाला करता? मी हितलीच हाय." अहवाल त्याच आठवड्यात आला. डॉक्टरांनी पोट उघडले आणि काही न काढता शिवले. रोग सगळीकडे पोचला होता. दिवाळीच्या आधी ती गेली.

५. आपल्या पाहणीत ती आजही रत्नागिरीची आहे. तिचे माहेर शेजारची घणसोली, सासर तळवली. रत्नागिरी कुठल्या दिशेला आहे हेही तिला ठाऊक नव्हते. आता आपले विद्वान लोक तिच्या रोगाचे कारण तिकडच्या पाण्यात आणि तिकडच्या सुक्या मासळीत शोधतील. तळवलीत मात्र असा रोगीच नाही असे कागदोपत्री दिसेल, आणि जिथे रोगी नाही तिथे तपासायला कोण येणार? कोणत्या मुलखात रोग कसा वाढतो हे शोधायला सरकारने आपणांस बसविले, आणि आपण आधी आमचा मुलूखच पुसून टाकला. तरी नोंद दुरुस्त व्हावी.

६. हे तातडीचे अशासाठी की, अर्जदाराची भावजय रखमा हिलाही आता जेवण जात नाही. तिचा तुकडा सोमवारी आपल्याकडे यायचा आहे. खरे गाव लिहिले तर अहवाल मिळणार नाही. खोटे लिहिले तर मिळेल, पण डॉक्टर तिला दुसऱ्याच मुलखाची समजून हिशेब बांधतील. तिचे वय चाळीसही नाही आणि तिला जगायचे आहे. तरी तिच्या रकान्यात काय लिहावे, एवढे सोमवारच्या आत कळवावे.

आपला नम्र, आणि तळवलीचाच,
शिवराम पोशा मढवी
तळवली, ११ फेब्रुवारी १९८४

सोबत : १. जमीन संपादनाच्या नोटिशीची नक्कल.
२. पुतळाबाईंच्या मृत्यूचा दाखला.